काठ जिवंत तर तलाव जिवंत

पांढुर्णा जिल्ह्याचा नकाशा उघडला की नद्या ठळक दिसतात. पश्चिमेकडे मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा, पूर्वेकडे सातपुड्यातून उतरणारी कन्हान आणि मधे पांढुर्णा व सावरगावच्या दगडफेकीच्या गोटमार जत्रेने नाव झालेली जाम. कन्हान पुढे नागपूरला पिण्याचे पाणी देते, वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होतात. म्हणजे या भागातला एक चांगला पाऊस शेवटी गोदावरीत जातो. एवढ्या पाण्याच्या या मुलखात नावाजलेले सरोवर मात्र एकही नाही. पक्षी पाहायला लांबून लोक यावेत असा तलाव नाही, की ज्याच्या काठी सरकारी फलक लागावा अशी दलदल नाही.

सौंसर तालुक्यातले बोरगाव याच मुलखातले. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे, औद्योगिक वसाहतीचे गाव. आसपास संत्र्याच्या वाड्या आणि कपाशी. इथल्या माणसाला पाणथळ जागांचा विषय चिल्का, भरतपूर अशा दूरच्या ठिकाणांचा वाटला तर नवल नाही. पण अशा गावांच्या शिवारात पाणथळी असतात. गावतलाव, शेतातली बोडी, नाल्यातला डोह, बंधाऱ्यामागे पसरलेला उथळ फुगवटा, श्रावणात घोट्याएवढे पाणी धरणारी खोलगट गवताळ पड जमीन, या सगळ्या त्यातच येतात. त्या लहान आहेत, बहुतेकींना नाव नाही, आणि म्हणूनच त्या सर्वांत आधी बुजतात. त्या वाचवायच्या असतील तर पाण्याच्या मध्याकडे पाहून चालणार नाही, काठाकडे पाहावे लागेल.

कशाला म्हणायची पाणथळ

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी पाणथळ जागांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. या कराराची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवलेली आहे. दलदल असो की तलाव, नैसर्गिक असो की माणसाने बांधलेला, बारमाही असो की हंगामी, पाणी स्थिर असो की वाहते, गोडे असो की खारे, सगळे त्यात बसते. समुद्रकिनाऱ्याला मात्र खोलीची मर्यादा आहे : ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत. भोपाळचा भोज तलाव २००२ साली या यादीत गेला. महाराष्ट्रातले नांदूर मध्यमेश्वर २०१९ साली आणि लोणार २०२० साली. आज भारतातल्या नव्वदीहून अधिक जागा यादीत आहेत. तरी याच कराराच्या २०१८ च्या जागतिक अहवालानुसार १९७० ते २०१५ या काळात जगातल्या सुमारे ३५ टक्के पाणथळी नाहीशा झाल्या. जंगलांच्या तुलनेत हा वेग तिप्पट आहे.

व्याख्येतला उथळपणा महत्त्वाचा आहे. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो. प्रकाश पोचला की तळाशी वनस्पती मूळ धरतात, वनस्पतींवर शेवाळ व कीटक वाढतात, त्यांच्यावर मासे, आणि माशांवर पक्षी व माणसे. तळ्याचा बहुतेक संसार चालतो तो या हात-दोन हात पाण्याच्या पट्ट्यात. शेकाट्यासारखा लांब पायांचा पक्षी वीतभर पाण्यात चालत किडे टिपतो. तलवार बदक पाण्यावर तरंगत, डोके खाली घालून मान पोचेल तेवढ्याच खोलीतले दाणे आणि कंद खाते. कमळपक्षी लांब बोटांनी तरंगत्या पानांवर चालतो, तिथेच अंडी घालतो. पाऊस सुरू झाला की पुष्कळ देशी मासे नव्या पाण्याने बुडालेल्या गवताकडे धाव घेतात, कारण त्यांची अंडी आणि पिल्ले त्या गवतातच सुरक्षित राहतात.

आता हाच तलाव चारही बाजूंनी उभा खोदला, काठाला दगडी भिंत बांधली, भोवती फरसबंदी केली, तर काय होईल? पाण्याचा साठा कदाचित वाढेल. पण बगळ्याला उभे राहायला जागा उरणार नाही, माशाला अंडी घालायला गवत उरणार नाही. पाणी दिसेल, पाणथळ संपलेली असेल.

चिखलातले काम

काठाचा चिखल वास मारतो म्हणून लोक त्याला घाण समजतात. प्रत्यक्षात गावाच्या पाण्याची सफाई तिथेच होते.

कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. पाणी भरले की ती हवा बाहेर पडते. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी असतो, त्यामुळे मातीतले जिवाणू उरलेला प्राणवायू लवकरच संपवून टाकतात. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू कामाला लागतात. ते श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचे रूपांतर साध्या नायट्रोजन वायूत करतात. हवेचा जवळजवळ चार-पंचमांश भाग याच वायूचा आहे, तो निरुपद्रवी आहे, आणि तो हवेत परत जातो.

संत्र्याच्या मुलखात हे काम फार मोलाचे आहे. झाडांना घातलेल्या युरियाचा काही भाग झाड घेते. बाकीचा नायट्रेट होऊन पावसाबरोबर नाल्यात आणि जमिनीतून विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवलेली आहे. त्याहून जास्त झाले तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. वाडी आणि नाला यांच्या मधे ओल्या गवताचा, लव्हाळ्याचा पट्टा असेल तर वाहून येणाऱ्या नायट्रेटचा मोठा भाग तिथेच मोडतो. तो पट्टा नांगरून दोन तास वाढवले, की नायट्रेटची वाट मोकळी होते.

पाणवनस्पतीही यात हातभार लावतात. कमळाच्या देठात पोकळ नळ्या असतात. पानांनी घेतलेली हवा त्या नळ्यांतून चिखलातल्या कंदापर्यंत जाते आणि मुळांभोवती थोडासा प्राणवायू झिरपतो. त्यामुळे प्राणवायू असलेला आणि नसलेला चिखल अगदी शेजारी-शेजारी नांदतो. दोन्ही प्रकारचे जिवाणू हाताशी असल्यामुळेच सफाईची साखळी पूर्ण होते.

या कामाला मर्यादाही आहेत. चिखल नायट्रेट मोडतो, कारखान्यातून आलेले जड धातू मोडू शकत नाही. ते चिखलातच साठतात, आणि तिथून शिंगाड्यात व माशात येऊ शकतात. सांडपाण्याने भरलेला चिखल मिथेनही जास्त सोडतो. म्हणून औद्योगिक वसाहतीचे पाणी आणि गावची गटारे प्रक्रिया झाल्याशिवाय तलावाकडे वळवणे म्हणजे पाणथळीच्या गुणाचा गैरफायदा घेणे होय.

कोरडे पडणेही गरजेचे

मे महिन्यात तळ उघडा पडला, भेगा गेल्या, की तलाव मेला असे आपण म्हणतो. संत्र्याची वाडी ज्यांनी केली आहे त्यांना मात्र कोरड्या ताणाची गरज वेगळी सांगावी लागत नाही. बहार धरायचा तर झाडाचे पाणी काही आठवडे तोडावे लागते. ताण बसल्याशिवाय झाड फुलत नाही. उथळ पाणथळीचे तसेच आहे. तळ उघडा पडला की भेगांमधून हवा आत जाते, साचलेला पालापाचोळा झपाट्याने कुजतो आणि त्यातली पोषके मोकळी होतात. पाणवनस्पतींच्या कितीतरी जातींचे बी उघड्या ओल्या चिखलातच रुजते. पहिल्या पावसाने पाणी आले की ती पोषके विरघळतात, सूक्ष्म जीवांची गर्दी होते, आणि माशांच्या पिल्लांना नेमक्या वेळी खाणे मिळते.

उघड्या पडलेल्या गाळावर पूर्वीपासून गाळपेर होत आली. गुरे तिथे चरतात, त्यांच्या शेणाचे खत तळाला मिळते. उन्हाळ्यात पाणी आटत जाताना दर आठवड्याला काठ आत सरकतो आणि पाणपक्ष्यांना नवा चिखल उघडा करून देतो. पाण्याचे हे येणे-जाणे हाच पाणथळीचा प्राण. बारा महिने एकाच पातळीवर भरलेला हौद तिची जागा घेऊ शकत नाही.

खडकाने ठरवलेले तलाव

एखाद्या भागात तलावांची गर्दी का असते आणि शेजारच्या भागात का नसते, याचे उत्तर पुष्कळदा खडकात सापडते. पांढुर्ण्याकडचा बराच भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला सौंसर गट म्हणतात ते शंभर कोटी वर्षांहून जुने मानले जाणारे खडक मात्र वेगळे आहेत. त्या गटाला नाव याच सौंसरवरून मिळाले. मँगनीजच्या साठ्यांसाठी प्रसिद्ध असलेला हा पट्टा सौंसरकडून रामटेक, भंडारा असा बालाघाटपर्यंत पूर्वेकडे जातो.

काळ्या जमिनीच्या भागात माणसाने विहिरीवर भिस्त ठेवली. पूर्वेकडच्या कठीण खडकाच्या, चढउताराच्या आणि धानाच्या मुलखात त्याने तलाव बांधले. आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांतले हे माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी 'मामा तलाव', साडेसहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने त्यांतले पुष्कळ बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. दोन टेकड्यांमधली खोलगट जागा पाहून मातीची पाळ घालायची, जादा पाणी जायला सलंग ठेवायची, शेतात पाणी सोडायला तुडुम बसवायचे, आणि वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात जाईल अशी साखळी जुळवायची, ही त्यांची विद्या. पाळीकडे पाणी खोल आणि उलट्या बाजूला जमिनीचा चढ सौम्य असल्याने तिकडे मोठा उथळ काठ आपोआप मिळे. सिंचनासाठी बांधलेले तलाव पाणथळी झाले ते या सौम्य उताराने.

हे तलाव राखणारी व्यवस्था १९५० च्या कायद्याने बदलली. त्या वेळी छिंदवाडा, नागपूर आणि भंडारा एकाच मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. मालगुजारी रद्द झाली, तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी जाणे न्यायाचेच होते. पण दरवर्षी पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, सलंग मोकळी ठेवणे ही जबाबदारी कोणाची, हे गावपातळीवर नीट ठरले नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले, नागपूर-भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. सीमेच्या दोन्ही बाजूंना गावतलावाचा मालक सरकार झाला आणि राखणदार कोणीच उरला नाही.

काठ पुन्हा लावणारी माणसे

हरवलेला काठ परत आणता येतो, हे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात दिसले. तिथला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या या तलावांत मासेमारी करतो. तलावांत बेशरम माजली होती. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झुडूप गुरे खात नाहीत, आणि एकदा काठ व्यापला की दुसरे काही उगवू देत नाही. उत्पादन वाढावे म्हणून बाहेरचे मत्स्यबीज सोडले गेले. त्यातला ग्रास कार्प तर पाणवनस्पतीच खातो. वनस्पती संपल्या तसे देशी मासे घटले.

मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मंडळींना सोबत घेऊन एक साधा प्रश्न विचारला : पूर्वी तलावात कोणत्या वनस्पती होत्या आणि कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहायचा? उत्तरे वृद्ध मासेमारांकडे आणि स्त्रियांकडे होती. शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर स्त्रिया या कामात पुढे आल्या. बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तळाचा काही भाग नांगरून मोकळा केला, आणि पावसाच्या तोंडाशी देशी पाणवनस्पती धानासारख्या हाताने लावल्या. वनस्पती परतल्या, तसे देशी मासे परतले, पाणपक्षीही आले. या कामात भिंत बांधावी लागली नाही. ज्यांचे पोट काठावर अवलंबून आहे त्यांच्या ज्ञानाला मान दिला, हेच मोठे काम झाले.

याच मुलखात महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे उरलेले सारस आहेत. वैनगंगेच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्येही ते आहेत. सारस तलावाच्या उथळ काठावर किंवा धानाच्या बांधीत घरटे करतो. म्हणून त्याचे राहणे शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय त्याचे संरक्षण होत नाही.

नकाशातला ठिपका

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०११ साली उपग्रहचित्रांवरून देशातल्या पाणथळींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात ७,५७,०६० पाणथळी मोजल्या गेल्या. त्यांतल्या २,०१,५०३ सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या होत्या. उरलेल्या ५,५५,५५७ इतक्या लहान, की नकाशावर त्यांचा आकार काढता आला नाही. त्या नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचे आदेश दिले. पुढे नव्या नकाशासंग्रहावरून २०२४ मध्ये ही संख्या २,३१,१९५ झाली. ठिपके मात्र बाहेरच राहिले. त्यात भर म्हणजे २०१७ च्या पाणथळ नियमांतून नदीपात्रे, धानाची शेते आणि पिण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. बोरगावसारख्या गावातली बोडी किंवा बंधारा या जाळ्यातून सहज निसटतो.

म्हणून काही हाताशी नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या हिंचलाल तिवारी खटल्यात गावतळे ही समाजाची साधनसंपत्ती असल्याचे म्हटले. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची व तळ्यांवरची अतिक्रमणे काढण्याची योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत गावागावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ठेवण्याची तरतूद आहे. पहिल्यात गुरचराई, जळण यांसारख्या सामाईक हक्कांची नोंद असते. दुसऱ्यात सिंचन, वाट, मासेमारी यांसारख्या गावरीतींची. विदर्भातही निस्ताराची हीच परंपरा आहे. देशाच्या नकाशात जो ठिपका आहे, त्याला पटवाऱ्याच्या दप्तरात खसरा क्रमांक असू शकतो.

गावाने काय करावे

पहिले काम नोंदीचे. पावसाळ्याच्या शेवटी, पाणी सर्वांत जास्त पसरलेले असताना शिवारफेरी करावी आणि पाण्याची कड जिथे पोचते तिथे दगडाच्या खुणा कराव्यात. मे महिन्यात पुन्हा फिरून आटलेल्या पाण्याची कड नोंदवावी. या दोन कडांमधली जमीन हीच पाणथळ. उन्हाळ्यात ती कोरडी, रिकामी दिसते, आणि अतिक्रमण होते ते नेमके याच जमिनीवर. खसऱ्यातली नोंद, निस्तार पत्रक आणि प्रत्यक्ष कड यांचा मेळ घालून ग्रामसभेत ठराव करावा.

दुसरे काम पाण्याच्या वाटांचे. तलावात पाणी आणणारा ओहोळ आणि बाहेर नेणारा सांडवा दोन्ही मोकळे हवेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पाण्याला पसरायची जागा ठेवली नाही तर ते घरात पसरते, हे नागपूरकरांनी त्या दिवशी सोसले. बोरगावच्या आसपास रस्ते, गोदामे, कारखाने वाढत जातील तशी मुरणारी जमीन कमी होईल आणि नाल्यांना पूर लवकर चढतील. नाल्याकाठची खोलगट गवताळ जमीन भराव घालून विकण्यापूर्वी याचा हिशेब झाला पाहिजे.

तिसरे काम गाळाचे. गाळ काढावा, तो शेतात घालावा; ही जुनी आणि चांगली रीत आहे. पण यंत्र लावून सगळा तलाव एकसारखा खोल करू नये. पाळीकडची बाजू खोल करावी आणि पाणी येते त्या बाजूचा सौम्य उतार तसाच राखावा. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी व कादवेच्या संगमाजवळ शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. साठवणुकीच्या हिशेबात तो तोटा होता. त्याच गाळावर उथळ पाणी, बेटे आणि पाणगवत तयार झाले, हजारो पक्षी आले, आणि तीच जागा महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ ठरली.

चौथे काम विहिरींचे. शेजारच्या वरुड-मोर्शीत संत्र्यासाठी भूजल इतके उपसले गेले की तो भाग अतिशोषितांत गणला गेला. पाणथळ आणि विहीर एकाच भूजलाशी जोडलेल्या असतात. पातळी खोल गेली की उन्हाळ्यात डोहाला झरा उरत नाही. नवी बोअर घेण्यापूर्वी ठिबक, आच्छादन आणि काठाचा ओला पट्टा यांचा विचार व्हायला हवा.

शेवटचे काम माणसांचे. शिंगाडे लावणारा, जाळे टाकणारा, गुरे चारणारा, कपडे धुवायला येणारी बाई यांना तलावाचा ठराव करताना समोर बसवावे. सुशोभीकरणाच्या आराखड्यात त्यांना जागा नसते आणि त्यांची ये-जा थांबली की तलावाकडे रोज पाहणारे डोळेच जातात. अमृत सरोवरासारख्या योजनांतून गावांना तलावासाठी निधी मिळतो. तो भिंतीवर आणि कारंज्यावर घालायचा की सांडवा, उतार आणि पाणवनस्पतींवर, हे गावानेच मागून घ्यायचे असते.

रामसरच्या यादीत बोरगावचे नाव जाण्याची गरज नाही. पाच लाखांहून अधिक ठिपक्यांची राखण दिल्ली किंवा भोपाळहून होणे शक्यही नाही. ती राखण ज्या गावात तो ठिपका आहे त्या गावालाच जमते, आणि तिची सुरुवात मोठ्या निधीशिवाय करता येते. पाण्याची वरची कड आणि खालची कड नोंदवा, मधली जमीन कोणाला देऊ नका. एवढा एक ठराव गावाने केला आणि पाळला, तरी चिखल, वनस्पती, मासे आणि पक्षी आपापले काम पुढे चालवतील.